सुकतीला रुतलेली होडी

बोंबील समुद्रातून ओला निघतो, हे मला वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला तेव्हा लोक बेलापूर रोड म्हणायचे, श्रीरामपूर हे नाव तोंडात बसायला पुढे बरीच वर्षं लागली. तिथल्या आठवडे बाजारात बोंबील यायचे ते पोत्यात भरून, काटक्यांसारखे कडक. माझी समजूत अशी की ते कुठल्यातरी झाडाला शेवग्याच्या शेंगांसारखे लागत असावेत. नाताळच्या सुट्टीत दयाआत्या घरी आली होती तेव्हा मी तिला हे बोलून दाखवलं. ती हसता हसता खाली बसली, डोळे पुसले आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, या पोरीला घेऊन एकदा ये रे तिकडे. आणि बालाही आण."

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांची धाकटी बहीण असल्यामुळे आत्याही दादाच म्हणायची. नाव प्रभुदास, मिशनच्या शाळेत मास्तर. 'बा' म्हणजे माझे आजोबा, कारभारी. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना पाद्रीसाहेबांनी दुसरं एक नाव दिलं होतं, पण ते चर्चच्या वहीतच राहिलं. गावाला ते कारभारी आणि मला आजा. दादा शिकले तसे त्यांना 'बाबा' म्हणू लागले. दयाआत्या त्यांच्याइतकीच शिकली, तरी शेवटपर्यंत 'बा'च म्हणाली.

आत्या अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. त्या गावाला सगळे नुसतं बंदर म्हणायचे. वय पस्तिशीच्या घरात, लग्न झालेलं नव्हतं. आजी वारली तेव्हा आत्या अगदी लहान होती. घरात सांभाळायला कोणी नाही म्हणून आजा तिला बरोबर घेऊन प्रवरेच्या काठी मासे धरायला जायचा. शेतातलं काम नसेल त्या दिवशी बापलेक सकाळपासून डोहावर. तो गळ टाकायचा आणि ती गांडुळं शोधायची. हे आजा मला पुष्कळदा सांगायचा, आणि सांगताना तिचं वय दर वेळी थोडं कमी करायचा.

सेहेचाळीसच्या मे महिन्यात आम्ही निघालो. आई, दादा, आजा आणि मी. जाण्यामागे नुसता समुद्र नव्हता. दादांच्या शाळेतले जॉर्ज मास्तर दोन वर्षांपूर्वी विधुर झाले होते, पदरात तीन मुलं होती. माणूस सरळ आणि निर्व्यसनी. त्यांनी दादांपाशी आत्याबद्दल विचारलं होतं आणि दादांनी निम्मा शब्द देऊन टाकला होता. इकडच्या दवाखान्यात तिच्यासाठी जागाही बघून ठेवली होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त जिच्याबद्दल होतं तिला नव्हतं.

आईनं भाकरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं बांधून घेतलं. आजानं घेतली ती त्याची गळाची काठी. फडक्यात गुंडाळलेली, वर सुतळी आवळलेली. दादा म्हणाले, "बाबा, समुद्रावर ही काठी काय कामाची?" आजा म्हणाला, "मासा त्यो मासाच. त्याला तोंड असंलच की." गाडीत ती काठी दौंडपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या डोक्याला लागत होती.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून आम्ही रेवसच्या आगबोटीत बसलो. धक्का मागे पडला आणि दादांना मळमळू लागलं. ते खाली मान घालून बसले, आई त्यांच्या हातात लिंबू देत राहिली. आजा मात्र कठड्याला धरून उभा होता. त्याचा पटका वाऱ्यानं सुटत होता तरी त्याचं लक्ष नव्हतं. आमच्याकडे भंडारदऱ्याचं पाणी पाटानं येतं, आणि पाळी आल्याशिवाय कोणाला थेंब मिळत नाही. पाळीवरून भाऊ भाऊ कुऱ्हाडी घेऊन उठलेले आजानं पाहिले होते. बऱ्याच वेळानं तो मागे वळला आणि दादांना म्हणाला, "प्रभुदास, ह्या पान्याला पाळी कोन लावतं?"

दादा लिंबू हुंगत कसेबसे म्हणाले, "बाबा, ते खारं आहे. पिकाला चालत नाही."

"मंग एवढं कशाला ठिवलंय?"

शेजारी बसलेला एक खलाशी मोठ्यानं हसला.

रेवसहून गाडीनं आम्ही बंदराला पोचलो, तिथं वेशीवर आत्या आम्हाला घ्यायला आली होती. मी तिला नाताळात पाहिलं होतं ती पांढरं पातळ नीटनेटकं नेसलेली, पायात बूट घातलेली नर्सबाई. इथं ती अनवाणी होती, पदर खोचलेला, चेहरा उन्हानं रापलेला. वाटेत प्रत्येक दारातून तिला कोणीतरी हाक मारत होतं. "दयाबाय, पावणं आलं गो?" आणि तीही त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच सुरात उत्तर देत होती. अर्ध्या गावची पोरं तिच्या हातावर जन्मली होती. दादा हे सगळं ऐकत पुढे चालले होते, पण त्यांचा चेहरा काही खुलत नव्हता.

तिचं घर म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या. एका खोलीत खाट, दुसरीत चूल. मागच्या दारातून समुद्र दिसायचा. पहिल्या दिवशी तिनं ओले बोंबील तळले. पातळसर, मऊ, हातात धरले तर निसटणारे. मी एक तोंडात घातला आणि मला आमच्या बाजारातल्या पोत्यांची दया आली.

आजा दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन वाळूवर गेला. त्याच्या दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचं टिपरं बांधलेलं असायचं. पाण्यावर ते उभं राहायचं आणि मासा लागला की बुडायचं. नदीच्या डोहात ते टिपरं तासन्‌तास स्थिर राहत असे. इथं लाट यायची आणि टिपरं, दोरा, गळ, कणकेची गोळी, सगळं उचलून आजाच्या पायाशी आणून टाकायची. तो पुन्हा टाकायचा, लाट पुन्हा आणून द्यायची. काठावर पोरं जमली. आजा त्यांच्यावर चिडला नाही. संध्याकाळी घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "दया, हे पानी येका जागी बसंना."

आत्या म्हणाली, "बा, ते बसत नाही. आपण बसायचं. आपण सगळे होडीतून जाऊ. हिराजीकाकांना विचारते."

हिराजी हा तिथला म्हातारा कोळी. मोठ्या गलबतांवर जायचं त्यानं सोडलं होतं, पण एक लहान होडी होती, तिच्यातून तो खाडीच्या तोंडाशी मासे धरायचा. त्यानं सांगितलं, सकाळी भरतीला निघायचं आणि सुकती लागली की परत फिरायचं. सुकती म्हणजे ओहोटी. खाडीच्या तोंडाशी गाळाचा मोठा पट्टा होता. पाणी उतरलं की तो उघडा पडायचा आणि मग होडीला वाट राहत नसे.

त्या सकाळी आम्ही सगळे होडीत बसलो. दादा छत्री उघडून मधोमध, नवे बूट घालून. त्यांनी आगबोटीचा धसका घेतला होता, पण खाडीचं पाणी शांत होतं. हिराजी वल्ही मारत होता, आत्या पुढे बसून एका डब्यातली कोळंबी सोलत होती. खडकापाशी पोचल्यावर हिराजीनं दगड बांधलेला दोर खाली सोडला आणि होडी थांबली. इथं काठी नव्हती. नुसता हातातला दोरा, टोकाला शिशाचा तुकडा आणि गळ. आत्यानं एकेकाला दोरा दिला, बोटावर कसा धरायचा ते दाखवलं. आजानं तो घेतला नाही. त्यानं आपली काठीच सोडवली.

पहिला मासा कोणाला लागावा? माझ्या आईला. आई म्हणजे रेबेका, राहुरीकडच्या पाद्र्याची मुलगी, मोठ्यानं बोललेलं घरात कोणी ऐकलं नसेल अशी. तिनं जन्मात मासा धरला नव्हता. ती दोरा धरून अवघडून बसली होती आणि एकदम ओरडली, "अगं बाई! ओढतंय कोणीतरी!" आत्या "ओढा वहिनी, ओढा" म्हणत तिच्याकडे सरकली. वर आला तो मिशा असलेला शिंगाळा, होडीत पडून कुरकुर आवाज करणारा. हिराजीनं त्याचा काटा सांभाळून गळ काढला. आईनं कोणाच्या काही लक्षात येण्याआधी स्वतःच गळाला नवी कोळंबी लावली आणि दोरा पुन्हा पाण्यात सोडला. त्यानंतर दोन ढोमे, मग आणखी एक शिंगाळा. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, मनगटापर्यंत हात खवल्यांनी माखले होते आणि ती माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी हसत होती. आईचं तसं हसणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणून ती सकाळ मला इतकी वर्षं पुरली असावी.

सुकती लागली तसं हिराजीनं पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाय, निंगूया का आथा?"

नेमकं तेव्हाच दादांनी तोंड उघडलं. दवाखान्यात सारखी माणसं, घरात शेजारणी, त्यांना आत्या एकटी सापडतच नव्हती. त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "दया, तुझ्याशी एक बोलायचं आहे."

आत्या हिराजीला म्हणाली, "थांबा काका. एवढं ऐकून घेते."

दादांनी सगळं सांगितलं. जॉर्ज मास्तर, त्यांची मुलं, गावाकडच्या दवाखान्यातली जागा. मास्तर लोकांना असतो तसा त्यांचा आवाज हळूहळू वर्गातला झाला. ते थांबल्यावर आत्या म्हणाली, "माणूस चांगला आहे. मी ओळखते त्यांना."

"मग झालं तर."

"दादा, माणूस चांगला आहे म्हणून मी लग्न करू? मला नाही करायचं. आणि मला इथून यायचंही नाही."

"आज ठीक आहे गं. हातपाय चालताहेत. पुढं?"

"पुढचं पुढं."

"पुढचं पुढं काय? आजारी पडलीस तर तांब्याभर पाणी कोण देणार? हे लोक? बाळंतपणापुरते हाक मारतात तुला. कोण आहे तुझं इथं?"

हिराजी खाडीच्या पार दुसऱ्या काठाकडे बघत बसला होता. 'हे लोक' त्यालाही ऐकू गेलं असणार. आत्याचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "तू शब्द देऊन आलायस ना त्यांना? मला न विचारता?"

दादा आजाकडे वळले. "बाबा, तुम्ही तरी सांगा."

आजा आपल्या टिपऱ्याकडे बघत होता.

आता हिराजीनं कोणाला न विचारता दगड वर ओढला आणि वल्ही मारायला लागला. पण उशीर झाला होता. येताना जिथं निळंहिरवं पाणी होतं तिथं आता गाळाच्या तपकिरी पाठी वर आल्या होत्या. त्यानं एकीकडून काढायला पाहिलं, मग दुसरीकडून. होडी खालून खरवडली, थोडी पुढे सरकली आणि बसली. हिराजीनं वल्ह्यानं रेटून पाहिलं. वल्हं गाळात रुतलं. त्यानं ते उपसून होडीत ठेवलं आणि बिडी काढली.

"आथा बसा. पानी येल तवा जाव."

"कधी येणार?" दादांनी विचारलं.

"येल दुपार कलल्यावं."

आमच्या डोळ्यांदेखत पाणी निघून गेलं. चहूकडे गाळ, त्यावर उन्हाची चकाकी, लहान लहान खेकडे बिळांतून बाहेर येऊन नांग्या हलवताहेत आणि मधोमध आमची होडी, थोडी कललेली. काठ समोर दिसत होता. दादांना वाटलं, एवढंसं तर अंतर आहे. आणि खरं म्हणजे त्यांना त्या होडीत, आत्याच्या समोर, बसवत नव्हतं. "मी चालत जातो," म्हणून ते उठले.

आत्या ओरडली, "दादा, नको! रुतशील!"

पण ते उतरलेच. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं, दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसरं टाकलं आणि ते मांडीपर्यंत आत गेले. मागे वळायला गेले तर दुसरी मांडीही गेली. आई किंचाळली. दादांनी एक हात वर केला होता, वर्गात मुलं करतात तसा.

आत्यानं होडीतली बसायची फळी उचलली आणि गाळावर टाकली. पातळ कमरेला घट्ट खोचून ती त्या फळीवर पालथी पडली आणि कोपरांनी सरकत दादांपर्यंत गेली. हिराजीनं दोराचं टोक फेकलं, तिनं ते दादांच्या काखेतून घेतलं. "हलू नकोस. पाय हलवलेस की आणखी जाशील. आडवा हो, माझ्यावर भार टाक." दादा म्हणाले, "तुला चिखल लागेल." ती म्हणाली, "आता गप बस रे!" हिराजी, आई आणि आजा दोर ओढत होते, मी आईचा पदर ओढत होते. गाळानं एक मोठा आवाज केला आणि दादा सुटले.

होडीत त्यांना घेतलं तेव्हा ते छातीपर्यंत काळे होते. एक बूट पायात, दुसरा नव्हता. आत्या नखशिखांत काळी, फक्त डोळे पांढरे. मग दादा पायाकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, "बुटाचं काय?"

आजा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. येखादा खेकडा घालंल."

आईला हसू आवरलं नाही. तिनं तोंडावर हात धरला, तो माशांचा होता म्हणून काढला आणि मग ती मोकळी हसली. तिच्यापाठोपाठ आत्या, मी, हिराजी. शेवटी दादाही हसले, पण थोडंसं, आणि हसता हसता त्यांनी आत्याचा चिखलानं भरलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. भांडण मिटलं असं नाही. पण त्यानंतर त्या दिवशी त्यांनी जॉर्ज मास्तरांचं नाव काढलं नाही.

हिराजीनं शीड काढून आडवं बांधलं, त्याची सावली झाली. आईनं भाकरी आणि चटणी सोडली. जेवण झाल्यावर आजा उठला. होडीच्या पलीकडच्या, काठाच्या उलट अंगाला घट्ट वाळूचा दांडा होता, तिथं माणूस रुतत नाही, असं हिराजीनं दाखवलं. त्या दांड्याच्या पलीकडे सखल जागी पाणी मागे राहिलं होतं. मोठं डबकंच म्हणा, पण स्वच्छ आणि स्थिर. आजानं काठी घेतली, उरलेल्या भाकरीचा तुकडा थुंकीनं मळून गोळी केली आणि निघाला. आत्या त्याच्या मागे, आणि मी आत्याच्या मागे.

तिथं टिपरं उभं राहिलं. आजा उकिडवा बसला, आत्या त्याच्या शेजारी. दोघांच्या पाठी मला दिसत होत्या. मग आजानं विचारलं, "त्या मास्तराकडं जायचं न्हाई तुला?"

"न्हाई बा."

तिचं बोलणं बदललं होतं. दवाखान्यातलं नाही, कोळीवाड्यातलंही नाही. आमच्या गावचं, आजाचं.

"का गं?"

"मला हितं करमतं. सकाळपास्नं मानसं येत्यात. कुनाचं पोर, कुनाचा ताप. मला वाटतं, मी हाय म्हनून बरं हाय."

"येकटीला करमतं?"

ती वाळूवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "जेवताना न्हाई करमत. बाकी दिसभर कळत न्हाई. ताट वाढून बसलं की मातर घर लई मोठं वाटतं. मग कवा कवा हुभ्यानंच खाती."

टिपरं हललं, थांबलं, आणि एकदम बुडालं.

"दया, बुडालं बग!" तो ओरडला आणि आत्यानं त्याच्या हातावर हात ठेवून काठी उचलली. बाहेर आली ती बोय, रुपेरी, चांगली हातभर लांब, वाळूवर थाड थाड उडणारी. नदीची काठी आणि भाकरीची गोळी, आणि त्यावर समुद्राची बोय. आजानं ती दोन्ही हातांत धरली आणि होडीकडे तोंड करून इतक्या जोरात "प्रभुदास!" म्हणून हाक मारली की काठावरचे बगळे उडाले. दादा एका बुटावर उभे राहून बघत होते. त्यांनी हात हलवला.

दुपार कलल्यावर पाणी खरंच आलं. आधी गाळातल्या चरांतून, गुपचूप, मग सगळीकडून. होडी हलली, सरळ झाली. घरी पोचलो तेव्हा गावभर बातमी गेलेली होती. संध्याकाळी कोणीतरी दादांना पायात घालायला जुन्या वहाणा आणून दिल्या.

आमचा निघायचा दिवस आला. आईनं सगळ्यांची बोचकी बांधली. आजाचंही बांधलं. तो मागच्या दाराशी बसून होता. दादा म्हणाले, "बाबा, चला. गाडी आली."

आजा म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. मी ऱ्हातो."

"राहतो म्हणजे? किती दिवस?"

"बगू."

दादांना आधी वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग त्यांचा आवाज चढला. "बाबा, मुलगा असताना बाप मुलीच्या घरी राहतो का? लोक काय म्हणतील मला?"

"लोकांला सांग, म्हातारा समुद्र बगाय गेला, त्याचा आजून बगून झाला न्हाई."

"थट्टा नको. तुमचं सगळं तिकडे. घर तिकडे, माणसं तिकडे."

"कोन हाय तिचं हितं, म्हनलास न्हवं होडीत? आता मी हाय."

आत्या चुलीपाशी उभी होती, तिच्या हातातली मिठाची चिमटी तशीच राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं. मग दादा अगदी हळू, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "बाबा, माझ्याकडे काही कमी पडलं का तुम्हाला?"

आजा उठला. दादांच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. "काय कमी न्हाई. रेबेकासारखी सून हाय. पर तुझ्याकडं जेवाय बसाय चार मानसं हायती, प्रभुदास."

आईनं बाहेर ठेवलेलं आजाचं बोचकं आत आणलं, गाठ सोडली, त्याची घोंगडी काढली आणि आत्याच्या खाटेशेजारी भिंतीलगत अंथरली. मग भाकरीचं उरलेलं सगळं पीठ आत्याच्या डब्यात ओतलं. "मामंजींना भात सोसत नाही रोज," एवढंच म्हणाली.

परतीच्या आगबोटीत दादांना मळमळलं नाही, निदान त्यांनी तसं दाखवलं नाही. गावी आल्यावर ते त्याच संध्याकाळी जॉर्ज मास्तरांकडे गेले. काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. मास्तरांनी पुढच्या वर्षी घोडेगावकडच्या एका बाईंशी लग्न केलं, आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. दादांना मात्र गावात बरंच ऐकून घ्यावं लागलं. बापाला कुठं टाकून आलास, असं तोंडावर विचारणारे होते. सुरुवातीला ते चिडायचे. नंतर नंतर आजानं दिलेलं उत्तरच ते लोकांना द्यायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ते देताना त्यांना मनातून बरं वाटतं.

आजा तिकडे चार उन्हाळे राहिला. त्यातल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही गेलो. हिराजीशी त्याचं मेतकूट जमलं होतं. दोघे एकमेकांच्या बोलीत बोलायचे आणि दोघांचीही बोली बिघडली होती. आजा तांब्यातलं पाणी मागतानाही कोळ्यासारखा हेल काढायचा. दुपारी दवाखाना बंद झाला की तो आत्याच्या आधी येऊन ताटं मांडायचा, आणि ती उशिरा आली तर रागवायचा. "तुझं बाळंतपन कवाच सरत न्हाई का गं?" असं तो दारातूनच म्हणायचा, आणि शेजारणी हसायच्या.

पन्नास साली, पावसाळ्याच्या तोंडाशी, तो गेला. फार दुखणं नाही, दोन दिवस ताप. तार आली तेव्हा मला कांजिण्या आल्या होत्या म्हणून आई माझ्यापाशी राहिली आणि दादा एकटेच गेले. तिथल्या चर्चच्या मागे सुरूच्या झाडांखाली त्याला ठेवला. दादा दोन-चार दिवसांत परत येतील असं आम्हाला वाटलं होतं. ते आले नाहीत. आगबोटी पावसाळ्यासाठी बंद झाल्या, शाळा उघडली, वर्ग भरले, तरी ते आले नाहीत. सगळ्या नोकरीत त्यांचा एक दिवस कधी चुकला नव्हता.

आले ते जूनच्या मध्यावर, धरमतरवरून लांबच्या वाटेनं, भिजून. रंग काळवंडला होता. आई पाणी द्यायला पुढे झाली तेव्हा म्हणाले, "दया बरी आहे. आता हिराजीची नात राहते तिच्यापाशी, शिकायला. मीच बोलून ठरवलं." मग कपडे बदलून तसेच शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी उशिराचं कारण विचारलं. दादांनी सांगितलं, "बहिणीकडे होतो," आणि ते वर्गावर गेले.